सात बहिणींतली पाचवी

१

एदविर्जेस मावशीला आम्ही विटांखालून काढलं तेव्हा तिच्या मुठीत पळी तशीच होती. चुलीवर कुशा शिजत होता. अंबाडीचा पाला, तीळ, सुकट. भिंत पडली, छप्पर पडलं, मे महिन्याचा पाऊस सगळ्यावर ओतत राहिला, तरी त्या ढिगातून अंबाडीचा आंबट वास येतच होता. मावशीसारखाच हट्टी.

"पावसानं घात केला," पालिकेचा इंजिनियर म्हणाला. तो छत्रीखाली उभा होता. त्याच्या बुटांना चिखलसुद्धा लागला नव्हता.

"पाऊस काय आज पडायला लागला?" मी ओरडले. "दीडशे वर्षं पडतोय!"

"तेच म्हणतोय ना, बाई. दीडशे वर्षं. म्हातारं घर, मरणारच."

लगेच ट्रक आले. विटा, वासे, फुटक्या फरशा, मावशीचं पातेलं, सगळं एकत्र भरून नेलं. मावशी अजून शवागारात होती आणि तिचं घर कुठल्याशा दलदलीत भराव म्हणून ओतूनही झालं होतं. एवढी घाई आमच्या साओ लुईस शहरात मी कधी पाहिली नाही. नळ फुटला तर पोरं त्यात पोहायला शिकतात, मग दुरुस्तीवाला येतो.

पाकोळ्यांच्या चौकाच्या एका अंगाला ही सात घरं. एकमेकींना खेटून उभी, दोघींत एक भिंत सामाईक, कपाळापासून पायापर्यंत निळ्या-पांढऱ्या फरशा ल्यालेली. म्हणून नाव पडलं सात बहिणी. कापसाच्या पैशानं ही घरं उभी राहिली, असं शाळेत शिकवतात. पैसा दगड उचलतो का? दगड उचलले माझ्या पणजीच्या आईबापांनी, गुलामीत. त्यांचं थडगं नाही, तसबीर नाही, नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. ती माणसं जगात होती याची खूण म्हणजे ही रांग. तेवढीच.

आणि आता हुकूम निघाला होता. पाचवी पडली, बाकीच्याही धोक्याच्या. सोमवारी मशीन येणार, सगळी रांग जाणार.

पाचवीचा मालक डॉक्टर एराक्लितो. इथे वकिलालाही डॉक्टर म्हणतात, आणि श्रीमंत असला तर न शिकता. तिसरी आणि चौथी विकत घेऊन त्यानं आधीच कुलपं घातली होती. मावशीच्या मयताला त्यानं फुलांचं चक्र पाठवलं. दारातून आत जाईना एवढं मोठं. ते आम्ही बाहेरच ठेवलं.

सहावी माझी. मी झेनाइदे. जूनमध्ये सांजाव ह्या संताच्या सणात आमच्या चौकाचं पथक कापडी बैल घेऊन नाचतं, त्याची गाणी मी रचते.

मयताच्या दुसऱ्या दिवशी एक बुटकी बाई दारात आली. अंगात तिच्यापेक्षा मोठा रेनकोट, गालात चिंचेची गोळी.

"मी लुसीदिया आरौशा. पोलीस."

"पावसाला अटक करायला आलात का, बाईसाहेब?"

"बघू. वर जाऊ का?"

पाचवी पडल्यामुळे माझ्या घराची सामाईक भिंत उघडी पडली होती. पलीकडची बाजू जगाला दिसत होती, झोपेत चादर उडालेल्या माणसासारखी. लुसीदियाबाई माडीच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झेनाइदे ताई, ही कुंभारमाशी तुमच्याकडे भाडं देते का?"

मला वाटलं, बाई वेडी आहे.

"हसू नका," त्या म्हणाल्या. "मावशीला माणसानं मारलंय. आणि ही माशी त्याची साक्षीदार आहे."

२

त्यांनी मला खिडकीतून बाहेर वाकवलं आणि कमरेला धरून ठेवलं.

"खालची ओळ बघा. भिंतीत तुळयांची टोकं दिसतात?"

दिसत होती. खालच्या मजल्यावरच्या, मावशीच्या खोलीच्या छताच्या तुळयांची. पडताना मोडलेली, तुटक्या दातांसारखी, कुसळं बाहेर आलेली.

"आता वरची ओळ. माडीच्या छताची."

तिथे नुसत्या खाचा होत्या. तुळयांची टोकं नव्हतीच. आणि दोन खाचांत, अगदी आतपर्यंत, मातीची चिमुकली मडकी बसवलेली. कुंभारमाशीची. मडक्यांना भोकं पडलेली. पिल्लं मोठी होऊन उडून गेली होती.

"माशी काय लाकूड सरकवून घर बांधते?" बाई म्हणाल्या. "खाच रिकामी झाली, मग माशी आली, मग तिनं मडकी केली, मग पिल्लं झाली. घर पडलं परवा. तुळया गेल्या त्याच्या कितीतरी आधी. कुणीतरी मधोमध कापून ओढून काढल्या."

रांगेतल्या घराचं काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. तुळई ह्या भिंतीतून त्या भिंतीत जाते. ती नुसती छत धरत नाही, दोन घरांना धरते. सात बहिणी हात धरून उभ्या आहेत असं आजी म्हणायची. एकीचा हात सोडवला की तिनं उभं राहायचं कशाच्या जोरावर? पाऊस नुसतं निमित्त. त्यानं भिजवलं, जड केलं, एवढंच.

"खाली मावशी राहत होती!" मी म्हणाले. "तिला आवाज आला नसता?"

"ती कधी गावाला गेली होती का?"

गेली होती. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, सगळा चौक मिरवणुकांत असतो तेव्हा, खाडीपलीकडे बहिणीकडे. दर वर्षी जाते. जायची.

"वरच्या माडीची किल्ली कुणाकडे?"

"तिघांकडे. मालकाकडे. पहिल्या घरातल्या नेस्तोरकडे, त्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, तो वर पलंग-कपाटं ठेवायचा. आणि आमारोकडे. तो आमच्या बैलाच्या पथकाचा प्रमुख, दुसऱ्या घरात राहतो. पथकाचे कपडे वर असायचे."

"आमारो कसा माणूस?"

"माझ्या मुलीचा धर्मपिता आहे," मी म्हणाले. "मावशीची शवपेटी त्यानं खांद्यावरून उतरवू दिली नाही. त्याला सोडा. त्या एराक्लितोला धरा."

"धरते. पण सगळ्यांना भेटून," बाई म्हणाल्या आणि नवी गोळी तोंडात टाकली. "राग चांगला असतो, ताई. पण त्याला वाट दाखवावी लागते. नाहीतर तो समोर दिसेल त्याला चावतो."

३

एराक्लितोची कचेरी पुलापलीकडच्या नव्या भागात. एवढी गार, की मी पदरासारखी शाल ओढून बसले. मला नेण्याची गरज नव्हती. बाई म्हणाल्या, तुम्ही असलात की लोक जास्त खोटं बोलतात, मला सोपं जातं.

टेबलावर चौकाची छोटी प्रतिकृती होती. सात बहिणींच्या जागी सपाट पाटी आणि तिच्यावर चिमुकल्या गाड्या.

"फार वाईट झालं हो," एराक्लितो म्हणाला.

"दुःख दिसतंय," बाई एक गाडी उचलून बघत म्हणाल्या. "गाड्यांचे रंगसुद्धा ठरलेत."

"बाई, मी व्यवहारी माणूस. वारसा वारसा करतात, वारसा म्हणजे काय? जुन्या विटा. तिथे कुणी राजा राहिला नाही, कुणी लढाई केली नाही."

"राहिली माझी मावशी," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "आणि माझे गुडघे गेलेत. त्या माडीचा जिना मी वर्षानुवर्षं चढलेलो नाही. किल्ली कुठे पडली असेल देव जाणे."

बाहेर पडताना मी म्हणाले, "हाच. शंभर टक्के हाच."

"गुडघे खरंच गेलेत," बाई म्हणाल्या. "उठताना टेबल धरलं त्यानं. करवत त्याच्या हातात नव्हती. पण कुणाच्या हातात दिली?"

नेस्तोर दुकानात जमिनीवर बसला होता. पुढ्यात ट्रक येण्याआधी वेचलेले पाचवीच्या फरशांचे तुकडे मांडलेले, निळ्या पानाला निळं पान जुळवत होता. डोळे सुजलेले.

"मावशीसाठी रडताय की फरशांसाठी?" बाईंनी विचारलं.

"दोघींसाठी."

"जास्त कुणासाठी?"

नेस्तोर उसळला. "हो, फरशांसाठी! घ्या, टाका तुरुंगात! मावशीशी माझं पटत नव्हतं, मला ती चोर म्हणायची. पण ही नक्षी जगात दुसरीकडे नाही. भिंतीवरून सुटी करून दिली असती तर परदेशी लोकांनी..." तो थांबला.

"बोला की. सोन्याच्या भावानं घेतली असती."

"मागे एकदा विचार आला होता," तो पुटपुटला. "मावशीनं झाडू घेऊन हाकललं."

ह्याच्यावरही माझा राग उकळत होता. मावशीच्या घराचे तुकडे असे मांडून बसलेला! पण बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाल्या.

आमारोच्या घरी मात्र आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. तो बैलाच्या मखमली झुलीवर मणी शिवत बसला होता. सांजावला आठवडे उरलेले, घरभर मोरपिसं, शहामृगाची पिसं, रिबिनी. त्याच्या बायकोनं कॉफी आणली.

"बसा बाईसाहेब. झेनाइदे ताई, तू जेवलीस का? चेहरा बघ तुझा."

"एवढे कपडे!" बाई म्हणाल्या. "हे तर वरच्या माडीवर होते ना?"

"सांजावनंच वाचवले. वर गळायला लागलं होतं. पवित्र आठवड्याच्या आधीच मी सगळे इकडे आणले. नाहीतर यंदा बैल नागडाच नाचला असता!" तो हसला, मग गंभीर झाला. "मावशीला नाही वाचवलं सांजावनं."

त्यानं बाईंना मत्राका दिल्या. मत्राका म्हणजे दोन लाकडी फळ्या, एकीवर एक आपटायच्या. आमच्या पथकात ढोलापेक्षा मान त्यांना. ईस्टरनंतर तालमी सुरू झाल्या तेव्हा आमारोनं सगळ्यांना नव्या करून दिल्या होत्या. मावशीला निरोप देतानाही आम्ही त्याच वाजवल्या.

"रविवारी तालमीला या. मोकळ्या हातानं नुसतं बघत उभं राहायचं नाही."

बाईंनी एकदा आपटल्या. खोलीभर खणखणीत नाद गेला.

"वा! कुठलं लाकूड?"

"पिंदारेच्या वखारीतलं. ताजा माल."

बाईंनी मत्राका रेनकोटच्या खिशात ठेवल्या. चौकात आल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, रविवारी तुमच्या मत्राका बरोबर आणा. आणि त्या दिवशी माझा तिरस्कार करायची तयारी ठेवा."

४

रविवारी पाऊस उघडला होता. दुपार कलली तसा चौक भरला. पाचवीच्या जागी पडलेल्या खिंडाराकडे कुणी बघत नव्हतं. मी रचलेलं नवं गाणं उचललं:

*पळी गं हातात, चुलीवर शिजे पाला,*
*सांजाव, सांग रे, पाऊस की माणूस आला?*

*सात गं बहिणी, हातांत गुंफले हात,*
*पाचवीच्या पाठीत कुणी केला गं घात?*

मत्राकांचा नाद असा उठला की फरशा थरथरल्या. आमारो शिट्टी फुंकत, घामानं भिजून पथक चालवत होता. तेवढ्यात लुसीदियाबाई मधोमध चालत आल्या आणि दोन्ही हात वर केले.

"थांबा. सगळ्यांनी आपापल्या मत्राका उलट्या करून बघा. कुणाला भोक दिसतंय?"

कुजबुज झाली. "मला आहे." "हे बघ, मलाही." मी माझी फळी वळवली. एका कडेला भोक होतं. गोल नव्हे, चौकोनी. आत गंज.

"बाईसाहेब, लाकडाला भोक असतंच की," आमारो म्हणाला.

"असतं. ताज्या लाकडाला चौकोनी खिळ्याचं नसतं. असे खिळे लोहार हातानं ठोकायचे, ही घरं बांधली तेव्हा. पिंदारेच्या वखारीत गुलामांच्या काळात खिळे ठोकलेली झाडं कापतात का?"

कुणी हसलं नाही.

"माडीच्या किल्ल्या तिघांकडे," बाई बोलू लागल्या. आवाज चढवलाच नाही. "मालकाला जिना चढवत नाही. नेस्तोरला घर पडणार हे ठाऊक असतं, तर त्यानं आधी फरशा सोडवल्या असत्या. त्याच्या डोळ्यांसमोर आयुष्यभराचं सोनं फुटलं. त्याला काही माहीत नव्हतं. राहिला एक. त्यानं पवित्र आठवड्याच्या आधी कपडे हलवले. गळतं म्हणून, असं तो म्हणतो. गळत होतं, तर नेस्तोरची पलंग-कपाटं का राहू दिली? शेजाऱ्याला एक हाक मारायला काय झालं होतं?"

"मी ईस्टरपासून वर गेलोच नाही, मला कुणी काही सांगितलं नाही!" नेस्तोर मागून किंचाळला.

"करवत चालवणारा दुसरा कुणी असता, तर त्यानं तुळया जाळल्या असत्या, नाहीतर खाडीत सोडल्या असत्या. पण हा पडला बैलाचा माणूस. दीडशे वर्षं वाळलेलं, घट्ट, खणखणीत लाकूड हातात आलं. असा नाद जन्मात मिळत नाही. त्याच्यानं ते टाकवेना. ह्या चौकातला माणूसच ही चूक करू शकतो, आमारो. दुसऱ्या कुणाला ह्या लाकडाचा मोह पडला नसता."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. मावशीच्या मयताला मी रडत रडत ताल धरला होता. तो तिच्याच डोक्यावरच्या तुळईवर धरला होता. मत्राका माझ्या हातून दगडांवर पडल्या, आणि पडतानाही गोड वाजल्या.

"बोल," मी आमारोला म्हणाले. "खोटं आहे म्हण. मी ह्या बाईला आत्ता चौकातून हाकलते."

त्यानं शिट्टी गळ्यातून काढली.

"पक्की जागा देतो म्हणाला," तो म्हणाला. "एराक्लितो. इथे होणाऱ्या गाडीतळाच्या मागच्या बाजूला, बैलासाठी मोठं दालन. सिमेंटचं छप्पर. ताई, किती वर्षं आपण चिंध्यांसारखे ह्या माडीवरून त्या माडीवर... आपल्या बैलाला घर नव्हतं."

"मावशीला होतं!"

"तो म्हणाला, पावसाआधी तिला दुसरीकडे हलवतो. रिकामं घर पडेल, कुणाला ओरखडा नाही."

"तो म्हणाला!" माझा आवाज फाटला. "ती तुझ्या दारासमोरून रोज अंबाडीची जुडी घेऊन जायची. मावशी, हललीस का गं, एवढं विचारायला तुझी जीभ झडली होती?"

"रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, अजून उभं आहे की."

"पिसं हलवलीस, आमारो. पिसं! मोराची, शहामृगाची, एकेक पुसून, घडी घालून. आणि माणूस खाली ठेवलास."

बाईंनी त्याचा दंड धरला. गाडीत बसताना त्यानं मागे वळून विचारलं, "ताई, यंदा बैल निघेल ना?"

अख्खा चौक माझ्याकडे बघत होता.

"निघेल," मी म्हणाले. "तुझं नाव न घेता निघेल."

५

एराक्लितोला त्याच संध्याकाळी धरलं आणि जेवणवेळेच्या आत जामीन मिळाला. श्रीमंतांना भूक लागलेली आमच्या न्यायालयाला बघवत नाही.

सोमवारी मशीन आलं. पिवळं, दातेरी, चौकाच्या फरसबंदीला चिरडत. मागून इंजिनियर, आणि त्याच्या मागे गाडीच्या काचेआड एराक्लितो.

लुसीदियाबाई आधीच हजर होत्या. पहिल्या दारापासून सातव्या दारापर्यंत पोलिसांची पट्टी बांधून त्या दुसरं टोक खांबाला गुंडाळत होत्या.

"हे काय?" इंजिनियर म्हणाला. "रांग पाडायचा हुकूम आहे. वारशाचा आक्षेप केव्हाच फेटाळलाय."

"वारशाचं मी काही म्हणतच नाही," बाई म्हणाल्या. "ही खुनाची जागा आहे."

"खून पाचवीत झाला! सातही घरांना पट्टी?"

"पाचवीची भिंत चौथीची आहे. चौथीची तुळई तिसरीत घुसलीय. सहावीच्या भिंतीत माझी साक्षीदार माशी राहते, आणि तिला सातवीनं टेकू दिलाय. कुठे संपतं एक घर आणि कुठे सुरू होतं दुसरं, रेघ मारून दाखवा. दाखवलीत, तर तेवढं सोडते."

त्यानं रांगेकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. रेघ मारायला जागा नव्हती.

गाडीची काच खाली आली. "आणि हा खटला चालणार किती दिवस?" एराक्लितोनं विचारलं.

"दिवस? आपल्या देशात?" बाईंनी चिंचेची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तुमची नातवंडं म्हातारी होतील, डॉक्टर. आणि तोवर विटेला हात लावाल, तर पुरावा नष्ट केला म्हणून वेगळा खटला. तोही असाच रांगत चालेल."

चौक हसला. नेस्तोर तर वाकून वाकून हसला. मला हसू आलं नाही. ज्या हातांनी ही रांग उभी केली त्यांच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. आत राहणाऱ्या माणसांसाठी थांबलं नव्हतं. मावशीला मरावं लागलं, तेव्हा कुठे ह्या भिंतींना पुरावा म्हणून मोल आलं. पण मशीन मागे फिरलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते फिरेपर्यंत पापणी लववली नाही.

लोक पांगले. पट्टीपाशी कुणीतरी पाहुणे नवरा-बायको येऊन उभे राहिले. चौथी आणि सहावीच्या मधल्या खिंडारातून त्या बाईनं पलीकडे पाहिलं आणि ती हरखली.

"अय्या, इथून खाडी दिसते! किती सुंदर! थांब, फोटो काढ."

ऊन पाण्यावर पडलं होतं. पाणी खरंच चमकत होतं. आमच्या चौकातून खाडी कधीच दिसली नव्हती. मध्ये एक माणूस राहायचं.

मी पट्टीखालून वाकून आत गेले. चुलीची जागा अंदाजानं ओळखली आणि तिथे उभी राहिले, त्यांच्याकडे तोंड करून.

"आजी, जरा बाजूला होता का?" नवरा म्हणाला. "मागचा देखावा येत नाहीये."

"देखावा नाही हा," मी म्हणाले. "ही एदविर्जेसची खोली आहे."

आणि मी हात पसरले. एक चौथीकडे, एक सहावीकडे. ते कुठल्याच भिंतीला पोचत नव्हते. खांदे भरून आले, तरी मी ते खाली घेतले नाहीत.